गोठ्यातली एफसी रस्त्यावर आणताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत एकाच गाडीविषयी सर्वाधिक विचारणा आहे: महिंद्राची एफसी-150 (एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल). ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. हा बोनेट नसलेला छोटा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधल्या पेटीत असतं. विलीज कंपनीने अमेरिकेत तो 1956 च्या अखेरीस आणला, आकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांचा. महिंद्राने 1965 पासून तो आपल्याकडे आणला. व्हीलबेस अवघा 81 इंच. इंजिन जुन्या सीजे-3बी जीपचंच, चार सिलिंडरचं 2199 सीसी ‘हरिकेन’ पेट्रोल. त्यामुळे यंत्राचे बरेचसे भाग अजून मिळतात. केबिनचे भाग मात्र मिळता मिळत नाहीत.

आजोबांची एफसी-150 चौदा वर्षांपासून गोठ्यात उभी आहे. मिस्त्री म्हणतात, नवी बॅटरी लावू, सेल्फ मारून बघू, लागली तर लागली. तसं करावं का? (जिंतूर, जि. परभणी)

अजिबात करू नका. चौदा वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंज धरलेला असतो. हरिकेनची रचना इथे समजून घ्या. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. अडकलेल्या इनटेक व्हॉल्व्हवर सेल्फचा जोर आला की पुश रॉड वाकतो. रिंग तुटली तर सिलिंडरवर ओरखडा उठतो आणि पाचशे रुपयांच्या कामाचं बोअरिंगचं काम होऊन बसतं.

आधी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये 20 ते 25 मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा पातळ इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. तोवर वरचं टॅपेट कव्हर आणि ब्लॉकच्या बाजूचं कव्हर, दोन्ही उघडा. बाजूच्या कव्हरमधून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा समोर दिसतात. जो व्हॉल्व्ह वर राहिला असेल त्याच्या दांड्यावर तेल टाकून हलक्या हाताने खालीवर करा. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवा. तळाशी काळा, लोण्यासारखा घट्ट गाळ सापडेलच. तो बोटाने खरवडून काढा आणि तेल ओढणारी जाळी रॉकेलने धुऊन घ्या. ही जाळी भरलेली राहिली तर बाकीची सगळी मेहनत पहिल्या दहा मिनिटांत बेअरिंगसकट वाया जाते.

इंजिन फिरवायचं ते हँडलने, सेल्फने नाही. हाताला एका ठिकाणी कडक अडथळा लागला तर जोर लावू नका. अर्धा वेढा मागे फिरवा, पुन्हा तेल सोडा, थांबा. चारही सिलिंडर मोकळे फिरायला लागले की 20डब्ल्यू-50 तेल भरा. चेंबरला सुमारे 3.8 लिटर लागतं, फिल्टरसाठी आणखी एक लिटर धरा. आता प्लग बाहेरच ठेवून सेल्फ फिरवा आणि मीटरवर तेलाचं प्रेशर दिसेपर्यंत प्लग बसवू नका.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा. चांगल्या इंजिनात 120 ते 130 पीएसआय मिळतं. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा: तो 10 पीएसआयच्या आत हवा. एखादा सिलिंडर फारच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही.

टॅपेटचं अंतर थंड इंजिनावर इनटेकला 0.46 मिमी आणि एक्झॉस्टला 0.41 मिमी. अनेक ठिकाणी दोन्हीकडे एकच फिलर गेज चालवतात, ते चूक. प्लगचं अंतर 0.75 मिमी. पॉइंटचं अंतर डिस्ट्रिब्युटर कोणता यावर आहे: ऑटो-लाइटला 0.50 मिमी, लुकासला 0.35 ते 0.40 मिमी. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2.

चालू गाडी घेतली आहे. सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि तेल कमी होतं. इंजिन पूर्ण उतरवायला सांगितलं आहे. (नांदेड)

खर्चाला हो म्हणण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करा. ज्या गाड्यांचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात त्यांच्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपात दोन कप्पे असतात: एक पेट्रोलसाठी, दुसरा वायपरला व्हॅक्यूम देण्यासाठी. या दुसऱ्या कप्प्याचा पडदा फाटला की चेंबरमधलं तेल त्या नळीतून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं आणि जळतं. धूर अगदी रिंगा गेल्यासारखाच दिसतो. मॅनिफोल्डकडे जाणारी नळी काढा, मॅनिफोल्डचं तोंड बंद करा आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा. धूर विरला तर दोष पंपाचा आहे, इंजिनाचा नाही.

पेट्रोलच्या कप्प्याचा पडदा फाटला तर उलटं होतं: पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसतं, बोटाला पातळ लागतं आणि पेट्रोलचा वास येतो. असं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. असलं तेल बेअरिंगला धरत नाही.

दोन्ही पडदे ठीक निघाले तर मग उतरवा, पण मोजून उतरवा. मूळ बोअर 79.375 मिमी. क्रँकचे मेन जर्नल 59.26 ते 59.28 मिमी आणि बिग एंड 49.21 ते 49.23 मिमी. पिस्टन 0.010, 0.020, 0.030 आणि 0.040 इंच ओव्हरसाइजमध्ये येतात. 0.040 पर्यंत आधीच बोअर झालेला ब्लॉक असेल तर पुढे लायनर बसवूनच परत मापावर आणावा लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा भागात आणि नांदेड शहरात क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग करणारे चांगले कारागीर आहेत. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नका. पिस्टन मोजूनच भोक कापायचं असतं.

हेड काढताना एक बोल्ट हमखास विसरला जातो. तो कार्ब्युरेटरच्या खाली, आत लपलेला आहे. बाकीचे सगळे काढून हेडला पहार लावली की हेडच तडकतं. बसवतानाही तो राहिला तर नवं गॅस्केट महिनाभरात फुंकतं. हेड बोल्टचा टॉर्क 60 ते 70 फूट-पाउंड, म्हणजे 81 ते 95 न्यूटन-मीटर. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत कसा. इंजिन गरम होऊन थंड झालं की पुन्हा एकदा.

एप्रिल-मेमध्ये गाडी दुपारी पंधरा-वीस किलोमीटरवर बंद पडते. अर्धा तास थांबलं की परत लागते. पाणीही उकळतं. (गेवराई, जि. बीड)

ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी पाणी. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच भरल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत पांढरा क्षार बसतो. नळीने फ्लश करून तो निघत नाही. रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्या. ब्लॉकसाठी 10 लिटर गरम पाण्यात 500 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळा (किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं), भरा, इंजिन अर्धा तास चालवा आणि काढून टाका. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. इंजिन उतरलेलंच असेल तर बाजूचे कोअर प्लग काढा आणि चौथ्या सिलिंडरच्या मागे आकडी तार घाला. तिथे विटेच्या चुऱ्यासारखा गाळ ओंजळभर निघतो. चौथा सिलिंडर नेहमी आधी का तापतो, याचं उत्तर त्या गाळातच आहे.

पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, एकूण साधारण साडेदहा ते अकरा लिटर. थर्मोस्टॅट काढून फेकू नका. ‘आपल्याकडे गरमी आहे, त्याची गरज नाही’ हे सर्रास ऐकू येतं, पण थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन पहाटेच्या गारठ्यात कितीतरी वेळ थंड राहतं. चेंबरमध्ये पाणी धरतं, तेलाचा चिखल होतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते डोळ्यांनी बघा.

आता बंद पडणं. हे पेट्रोलची वाफ होण्याचं लक्षण. एफसीत इंजिन पेटीत कोंडलेलं आहे आणि पेट्रोलची नळी, पंप, कार्ब्युरेटर सगळं एक्झॉस्टच्या उष्णतेत असतं. परभणी-बीडकडे पारा 42-43 ला गेला की त्या पेटीत नळीला हात लावता येत नाही. गाडी बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं टाकलं आणि पाच मिनिटांत लागली, तर दोष नक्की झाला. उपाय असे: नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर फिरवा, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. तरी जमलं नाही तर टाकीजवळ चेसिसवर कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा. दाब साडेतीन पीएसआयच्या वर नको, नाहीतर कार्ब्युरेटर ओसंडतो आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडतं. पंपाची वायर रिले आणि फ्यूजमधून घ्या, आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल अशी जोडणी करा.

यात भर इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असल्याने ठोक्याची चिंता नाही, पण जुनं रबर आणि कॉर्क फुगतं, विरघळतं. पंपाचे पडदे इथेनॉल-सह आणि नळ्या व्हिटॉनच्याच घ्या. मिश्रण किंचित कोरडं होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून मुख्य जेट एक माप मोठा करून प्लगचा रंग बघत चला: विटकरी-भुरा चांगला, पांढरा पडला तर कोरडं चाललंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा.

शेवटचं आणि सर्वांत गंभीर: इंजिनाच्या पेटीचं झाकण हवाबंद हवं. एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो. त्याला वास नाही, डोकं जड होईपर्यंत कळतही नाही. झाकणाच्या कडेची रबर पट्टी नवी टाकल्याशिवाय काचा लावून चालवू नका.

पेट्रोल परवडत नाही. मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवावं का? (औसा, जि. लातूर)

आमचं मत स्पष्ट आहे: नको. लिटरला सात-आठ किलोमीटरच मिळणार हे खरं, पण ही गाडी रोजच्या वापराची राहिलेली नाही. डिझेल इंजिन जड, आणि एफसीचं नाक आधीच जड आहे. थरथर वाढते, माउंटिंगच्या ठिकाणी चेसिसला चिरा जातात. शिवाय आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललं तर आरसी बुकातला इंजिन नंबर जुळत नाही, आणि पुढे हस्तांतरण, विमा सगळं अडतं. आधीच्या मालकाने बदललेलं असेल तर मूळ हरिकेन इंजिन शोधणं अवघड नाही, पण तेही कागदांसह घ्या आणि नोंद करून घ्या.

रिकाम्या गाडीने कन्नडचा औट्रम घाट उतरताना मागची चाकं घसरली. ब्रेक नवे आहेत. हँडब्रेकही ओढला, तर गाडीला जोराचा हिसका बसला. (कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

तुमचे ब्रेक बिघडलेले असतीलच असं नाही. इंजिन, ड्रायव्हर, केबिन सगळं पुढच्या धुऱ्यावर आहे आणि मागे रिकामा हौदा. उतारावर ब्रेक लावला की उरलासुरला भारही पुढे जातो आणि मागची हलकी चाकं आधी जाम होतात. याच कारणाने अमेरिकेतल्या एफसी-150 च्या चेसिसला मागे जड वजन बसवलं जात असे. घाटात जाताना हौद्यात मागच्या धुऱ्याच्या वर दीड-दोनशे किलो, म्हणजे वाळूची चार पोती, घट्ट बांधून ठेवा. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा लावा-सोडा.

हँडब्रेकविषयी मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर आहे. चालत्या गाडीत ओढला तर सगळा हिसका शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) आणि डिफरन्शियलच्या दातांवर बसतो. आणि क्रॉस तुटला तर हँडब्रेक असून नसल्यासारखा. तो फक्त उभ्या गाडीसाठी आहे. उतारावर उभी करताना चाकाखाली दगड लावाच. तुमच्या गाडीचे दोन्ही क्रॉस आता काढून बघा. बेअरिंगच्या सुयांच्या खुणा उठल्या असतील तर बदला.

दुसरी गोष्ट: मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून वरून बऱ्या दिसणाऱ्या जुन्या नळ्याही ठेवू नका. 4.75 मिमीची स्टीलची किंवा तांबे-निकेलची नळी घ्या, टोकाला डबल फ्लेअर करून घ्या. एकेरी फ्लेअर दाबाखाली चिरतो. रबरी होज तीनही नवे. व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नका, स्टेनलेसची बाही बसवून घ्या. नव्या रबर कपांना खड्डे पंधरा दिवसांत कापतात. डॉट-3 ऑइल दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी धरतं.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये आणि इंजिनाच्या पेटीच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. पाण्याने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधल्या पोरांना हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

ताशी चाळीसच्या वर स्टिअरिंग जोरात थरथरतं. टायर नवे टाकले. शिवाय डाव्या चाकाचे दोन बोल्ट काढताना तुटले. (जालना)

बोल्ट आधी. या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तुम्ही ‘सोडवताय’ असं समजून आवळत होता. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर कोरलेलं दिसेल. ब्रश मारून बघा.

टायर कुठले टाकलेत ते पत्रात नाही. आपल्याकडे 6.00-16 म्हटलं की दुकानदार ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा तीन रेघांचा टायर काढून देतो. तो रिमवर बसतो, स्वस्तही असतो, पण तो शेतातल्या वेगासाठी बनवलेला आहे. डांबरी रस्त्यावर तो तापतो, ओल्यात ब्रेकला धरत नाही आणि काळ्या चिखलात ओढही देत नाही. तसा असेल तर आजच काढा. जीप किंवा हलक्या ट्रकचाच टायर घ्या.

थरथर राहिलीच तर पुढचं चाक जॅकवर घ्या आणि वरून-खालून धरून हलवा. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावरही ढिलाई जाणवली तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये नसून किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगमध्ये आहे. हे बेअरिंग शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, आवळतात. वर आणि खाली शिम सारख्याच जाडीच्या ठेवा. ऑइल सील काढून, स्टिअरिंग आर्मच्या टोकाला वजनकाटा अडकवून ओढा: नकल (चाक वळवणारा सांधा) साडेपाच ते सव्वासात किलोवर फिरायला हवं. दोन किलोवर फिरत असेल तर थरथरणारच. त्यानंतर टाय रॉडची टोकं आणि टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं), एक ते अडीच मिमी.

नकल उघडलंच आहे तर आतल्या मोठ्या गोळ्यावर तळहात फिरवा. गुळगुळीत असेल तर नवं सील टिकेल. गंजाचे खड्डे हाताला खरखरले तर सील तीन महिन्यांत फाटतं आणि ग्रीसच्या जागी चिखल भरतो. खड्डे धातूच्या इपॉक्सीने भरून बारीक पेपरने घासले तरी बरीच वर्षं निघतात.

पन्नास वर्षं झाली की ‘व्हिंटेज’ नंबर मिळतो म्हणतात. आमच्या एफसीला मिळेल का? (धाराशिव)

2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली ‘व्हीए’ मालिका पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी आहे. फी 20 हजार, मुदत दहा वर्षं, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. पण ती दुचाकींना आणि प्रवासी चारचाकींनाच लागू आहे, मालवाहू गाड्यांना नाही. तुमच्या आरसीवर ‘मालवाहू’ लिहिलं असेल तर ही वाट बंद समजा. साधी नोंदणीच जिवंत ठेवा. परिवहन वाहन म्हणून नोंद असेल तर फिटनेस दरवर्षी.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म 26 भरा. मालक वारले असतील तर वारसाच्या नावासाठी फॉर्म 31. खरेदी-विक्रीला 29 आणि 30. जुन्या तीन अक्षरी क्रमांकाची गाडी असेल तर ऑनलाइन नोंद बहुधा नसते. आरटीओत जुन्या रजिस्टरमधून शोधून घ्यावी लागते, त्याला फेऱ्या माराव्या लागतात. मात्र चेसिस नंबर पुसट झालाय म्हणून तो कुणाकडून ठोकून घेऊ नका. त्यावर नुसतं गंज काढणारं द्रव लावून खडूची भुकटी चोळा, आकडे उमटतात. भंगारातून कागदांशिवाय मिळणारी गाडी कितीही स्वस्त असली तरी फक्त सुट्या भागांसाठी घ्या.

आमच्या गाडीतून वर्षानुवर्षं खतं वाहिली आहेत. रंग कुणाकडून करावा? (वसमत, जि. हिंगोली)

रंगाचा विचार इतक्यात नको. युरिया आणि इतर खतांचे क्षार पत्र्याच्या जोडांत शिरून बसतात आणि ओल लागली की आतून खातात. हौद्याच्या फळ्या काढा, चेसिस दोन दिवस भरपूर पाण्याने धुवा, उन्हात खडखडीत वाळू द्या. मग छोट्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघा: चांगलं लोखंड टणटणतं, खाल्लेलं भदभद वाजतं. सीटखालची फरशी, पायरी, पुढच्या काचेची खालची चौकट आणि दरवाजाची तळकड इथे बहुधा पत्रा गेलेला सापडेल. 18 गेजचा सीआरसी पत्रा कापून बसवा. लांबी (पुट्टी) फासून झाकू नका.

चेसिसचे कर्ण दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी चेसिस सरळ करून घ्या. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. नुसता रेड ऑक्साइड ओल धरतो. पुढच्या काचा आणि त्यांची रबरं जपून काढा, जुनं रबर कापलं तरी चालेल, काच तडकू देऊ नका. इंजिन, गिअरबॉक्सचे भाग मुंबईत कुर्ल्याला किंवा हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपवाल्यांकडे मिळतील. एफसीची काच मात्र नवी बनवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी जुनी काच नमुना म्हणून अखंड हातात हवी.